बिनकापसाची बंडी

आमच्या घरात साधं बोलायच्या त्या फक्त बायका. बाबा जे काही बोलायचे ते जोडीजोडीने. आईने विचारलं, "कढणात मीठ बरं आहे का?" तर ते जेवायच्या काड्या खाली ठेवायचे, जरा वेळ वाडग्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "जास्त म्हणावं तर चवीचा अपमान, कमी म्हणावं तर कष्टांचा." आईला मीठ कमी पडलं की जास्त झालं हे शेवटपर्यंत कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अंदाजानेच घालायची.

बाबा शाळा चालवायचे. श्वांगशी गावात कालव्याच्या काठी आमचं घर, आणि स्वयंपाकघराला लागून शाळेची खोली. मधे फक्त फळ्यांची भिंत. तिथे गावातली पोरं आठ पायांचा निबंध शिकायची. हजारो वर्षांपूर्वीच्या महागुरूंच्या ग्रंथातली एखादी ओळ विषय म्हणून द्यायची. पहिल्या दोन वाक्यांत तो विषय फोडायचा, म्हणजे त्याचा गाभा उघडून सांगायचा. मग पुढे जोड्या. वाक्यासमोर वाक्य, शब्दासमोर शब्द, लांबीसमोर लांबी. अशा चार जोड्या झाल्या की आठ पाय झाले आणि निबंध उभा राहिला. आणि हे सगळं बोलायचं ते महागुरूंच्या तोंडाने. लिहिणाऱ्याने तिथे असायचंच नाही. बाबा नवीन पोराला पहिल्याच दिवशी बाकावर उभं करून विचारायचे, "तू कोण?" पोरगं बापडं आपलं नाव सांगायचं. बाबा म्हणायचे, "चूक. तू कुणी नाहीस. तुझं तोंड म्हणजे रिकामी खोली. महागुरू येतील, बोलतील, जातील. तू मधे लुडबुडलास की कागद बाद."

माझ्या भावालाही त्यांनी असंच उभं केलं होतं. तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. त्याने नाव सांगितलं, "आ-थू." सगळी पोरं हसली, कारण आ-थू म्हणजे माती. आमच्या मधली दोन भावंडं गेली होती, म्हणून आईने मुद्दाम तसलं नाव ठेवलं. मातीला कोण नजर लावणार? बाबांनी त्याला तिथल्या तिथे शाळेचं नाव दिलं, चिंगयान. छान नाव होतं. कागदावर उठून दिसायचं.

मी त्याच्याहून बरीच मोठी. लग्न होऊन गेले आणि नवरा वारल्यावर परत आले, तेव्हा आ-थू अकरा-बारा वर्षांचा झाला होता. मी चुलीपाशी, तो भिंतीपलीकडे. बाबा पाठ घोकायला लावायचे आणि बाहेर अंगणात फेऱ्या मारायचे. दिवसभर कानावर पडून पडून ते निबंध मलाही पाठ झाले. अर्थ निम्माही कळायचा नाही, पण कुठल्या ओळीमागून कुठली येते ते पक्कं. एका निबंधात शेवटच्या जोडीपाशी आ-थू हमखास अडायचा. बाबा कोपऱ्यावरून वळले की तो नखाने फळी खरवडायचा आणि दबक्या आवाजात विचारायचा, "ताई, पुढं काय गं?"

मी पळी हातात धरून ओळ सांगायची. तो ती जोरात म्हणायचा आणि मग त्याला हसू फुटायचं. बाबा अंगणातून खेकसायचे, "महागुरू हसत नव्हते!"

जिल्ह्याची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला आणि बाबांनी घरात ते नाव बंद केलं. "आता आ-थू म्हणायचं नाही. हाक मारली की चिखल आठवतो. राजदरबारात चिखल चालत नाही." आईने मान डोलावली. तिला दोन दिवस सारखं अडखळायला व्हायचं, मग तीही चिंगयान म्हणायला लागली. आणि खरं सांगायचं तर तोही हळूहळू चिंगयान झाला. मीठ विचारलं की तोसुद्धा काड्या खाली ठेवायचा. फळी खरवडणं थांबलं, कारण आता तो कुठेच अडत नव्हता. मला त्याचा राग यायचा. आपला भाऊ समोर बसलाय आणि आपल्याशी कुणी तिसराच बोलतोय, असं वाटायचं.

तो हांगचौला प्रांताच्या परीक्षेला निघाला तेव्हा आईने त्याच्यासाठी कापूस भरलेली बंडी शिवली. शरद ऋतू लागला होता, आणि परीक्षेच्या त्या कोठड्यांना पुढून दार नसतं. दोन फळ्या असतात. एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं आणि रात्री दोन्ही जोडून त्यावर निजायचं, तेही पाय पोटाशी घेऊन. बाबा स्वतः किती तरी वेळा तिथे बसून नापास होऊन आले होते, त्यांना सगळं माहीत होतं. पण एक गोष्ट त्यांनी आईला सांगितली नाही. आत जाताना झडती होते. कपडा एकेरी लागतो, अस्तर नको, कापूस नको, कारण लोक त्यात बारीक अक्षरांची पुस्तकं दडवतात. आईची बंडी शिपायाने आवाराच्या दारातच परत केली. बाबा ती हातात घेऊन बाहेर उभे राहिले आणि दारावर सम्राटाच्या नावाची मोहोर लागली.

मग पाऊस लागला. सगळे दिवस लागला. आ-थूला आत ताप भरला. ते दार मधे कुणासाठी उघडत नाही, आजाऱ्यासाठी नाही आणि मेलेल्यासाठीही नाही. त्याला चटईत गुंडाळून भिंतीवरून बाहेर दिलं. अलीकडे घ्यायला बाबा होते. बंडी त्यांच्या हातातच होती.

मी कुणाला बोल लावत नाही. नियम नियमाच्या जागी होता, पाऊस पावसाच्या जागी. बघा, मीसुद्धा जोडीनेच बोलतेय. भिंतीआडून शिकले तरी ते सुटत नाही.

आमच्याकडे माणूस परगावी गेला की नुसता देह आणून भागत नाही. जिथे जीव गेला तिथे जाऊन त्याला बोलवावं लागतं. त्याचा कपडा बांबूला बांधायचा, हाक मारायची आणि वाटभर त्याला सांगत आणायचं. इथे वळायचं, इथे पूल आला, इथे उतरायचं. नाही तर तो वाट चुकतो. बाबांनी ती बंडी बांबूला बांधली आणि परीक्षेच्या आवाराच्या भिंतीखाली उभं राहून हाक मारली. मी तिथे होते. आईला आणलं नव्हतं, तिला उठवतच नव्हतं.

बाबांनी रात्र जागून मजकूर लिहून आणला होता. विषय फोडला. मग जोड्या आल्या. आकाशासमोर पृथ्वी, बापासमोर मुलगा, कीर्तीसमोर कबर. परीक्षेहून परतणारे उमेदवार थांबून ऐकायला लागले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाने तर शाई काढून तिथल्या तिथे उतरून घेतलं, आणि पुढे त्या मजकुराच्या नकला हांगचौपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत फिरल्या. कुणाचा मुलगा गेला की लोक नाव बदलून तोच वाचायचे. शेवटी बाबांनी आडनावासकट उंच सुरात हाक दिली, "उमेदवार थाव चिंगयान, परत या!"

होडी फू काकांची होती. काळ्या छपराची, जुनी. प्रत्येक पुलाशी बाबा त्या पुलाच्या नावावर एक जोडी रचून म्हणायचे. एका पुलाखाली रचण्याच्या नादात ते उभेच राहिले आणि टोपी कमानीला आपटून पाण्यात पडली. फू काका वल्ह्याने ती काढत पुटपुटले, "गुरुजी, पोराला निदान एवढं तरी सांगा, की बाबा, वाक."

बाबांनी ऐकलं नाही.

आवाज आला तो त्यानंतर महिनाभराने. दुपारची जेवणं झाली होती, पोरं घरी गेली होती, शाळेची खोली रिकामी. मी भांडी घासत होते आणि पलीकडून तो अडायचा तोच निबंध सुरू झाला. आवाज त्याचाच. ओळ न ओळ नीट, श्वास घ्यायच्या जागाही नीट. माझ्या हातातला वाडगा पाण्यात बुडाला. मी पलीकडे गेले तर खोलीत कुणी नाही. त्याच्या जागेवरची दौत सकाळी कोरडी होती, ती ओली. आणि ओल्या चटईचा वास.

रोज तसंच व्हायला लागलं. मला भीती वाटली नाही असं नाही. भरदुपारी, ऊन अंगणात, शेजारची कोंबडी दारात, आणि भिंतीपलीकडे मेलेला भाऊ धडा म्हणतोय. रात्री असतं तर कान झाकून पडले असते. दुपारी कामं असतात.

पण मला जास्त भीती बाबांची वाटली. ते खुश झाले. जेवण झालं की खोलीत जाऊन बसायचे, डोळे मिटून मांडीवर बोटाने ताल धरायचे. पोराच्या निबंधात वाक्य चांगलं साधलं की गुरुजी शेजारी लाल वर्तुळ काढतात. बाबा समोर कोरा कागद घ्यायचे आणि ऐकता ऐकता त्यावर लाल वर्तुळं काढायचे. ओळी नाहीत, नुसती वर्तुळं. एकदा बाहेर येऊन म्हणाले, "जिवंतपणी त्याची तिसरी जोडी लंगडायची. आता बघ. एकही खोट नाही."

आई मात्र भिंतीला तोंड लावून बसायची. "थंडी वाजते का रे? जेवलास का? बदकाचं अंडं ठेवलंय खारातलं, देऊ?" आवाज थांबायचा नाही, अडखळायचा नाही, तसाच पुढे जायचा. ती रोज वाडगा भरून फळीपाशी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच उचलायची. आमच्याकडे मेलेल्यासाठी ठेवलेलं अन्न घरचे मागाहून खातात, त्याची चव गेलेली असते म्हणतात. आई म्हणायची, "चव आहे तशीच आहे. त्याने हातच लावला नाही." मग तीही जेवेनाशी झाली.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. आईचे हात काड्यांसारखे झाले. एक दिवस ती मला म्हणाली, "सूचन, हा माझा पोर नाही गं."

"आवाज त्याचाच आहे, आई."

"आवाज असेल. माझ्या पोराला थंडी वाजते का विचारलं तर तो नाही म्हणायचा आणि नाक पुसायचा. हा कोण मला ठाऊक नाही. माझा तिथेच बसलाय, त्या फळीवर, उघडा. त्याला कुणी बोलावलंच नाही."

मी चिडले. आईवर नाही, सगळ्यावरच. उठले आणि फळीवर मूठ आपटली. "आ-थू!" आवाज चालूच राहिला, जणू बाहेर कुणी दुसऱ्याला हाक मारतंय. मी पुन्हा ओरडले, "आ-थू, मी ताई!" काही नाही. मग मी म्हटलं, "चिंगयान."

आवाज तिथल्या तिथे थांबला. हजेरी घेताना पोरगं थांबतं तसा. आणि मग पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाला.

बाबांनी ज्याला बोलावलं तो आला होता. उमेदवार आला होता. बाकीचा तिथेच राहिला होता.

मी बाबांना सांगितलं, तशीच, ओल्या हातांनी. ते म्हणाले, "नाव हे देहाचं वस्त्र, आणि कीर्ती हे..."

"बाबा, जोडी नको," मी म्हटलं. "आई मरेल."

ते आईच्या खाटेपाशी गेले. तिने डोळे उघडले. "तुमच्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली, "मीठ जास्त झालं की कमी, एकदा तरी सांगितलंत का? तुमच्या तोंडाने? मी मेले तर मला इथे बोलवू नका. तुमच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात मी यायची नाही. मी त्याला शोधायला जाणार आहे."

मला वाटलं आता जोडी येईल. आली नाही. पण दुसरंही काही आलं नाही. ते शाळेच्या खोलीत जाऊन बसले. त्या दुपारी त्यांनी कागद काढला नाही.

आमच्याकडे प्रांताची परीक्षा तीन वर्षांतून एकदा. एरवी त्या आवाराला कुलूप असतं आणि कोठड्यांत गवत वाढतं. परीक्षेच्या आधी शिपाई निशाणं हलवून आतल्या मृतांना हाका देतात, की ज्याचं कुणाशी काही राहिलं असेल त्याने आता यावं. फू काकांचं म्हणणं असं, की आत अडकलेल्याला फक्त तेवढेच दिवस ऐकू येतं. भिंतीबाहेरून कितीही ओरडा, पोचत नाही. आत जायचं तर उमेदवार म्हणूनच जावं लागतं. बाबांचं वय साठीला आलं होतं, दात हलत होते. त्यांनी नाव घातलं.

गावात केवढं कौतुक झालं! शिष्यांनी शाईची कांडी भेट दिली. खाटकाने डुकराचं मांस पाठवलं. कुणाला काय माहीत. निघायच्या आदल्या दिवशी आई खाटेवर उठून बसली आणि तिने ती बंडी मागितली. उसवली. अस्तर काढलं, आतला कापूस वेचून वेचून काढला, एक बोळा ठेवला नाही. मग एकेरी कापड पुन्हा शिवून बाबांच्या हातात दिलं. "आता झडतीत अडवणार नाहीत." कापसाचं गाठोडं तिने माझ्याकडे दिलं. "तो बाहेर आला की होडीतच भर. घरी येईपर्यंत थांबू नकोस."

बाबा आत गेले. दार लागलं, मोहोर लागली. मी भिंतीबाहेर उभी राहून निशाणांच्या हाका ऐकल्या. शिपाई कंटाळलेल्या आवाजात ओरडत होते, भाजीवाल्यासारखे. पण हाका संपल्यावर आतून जो गारवा भिंतीवरून आला त्याने कालव्यावरच्या बायकांनी कपडे धुणं थांबवलं. ऊन होतं आणि माझ्या हातातलं गाठोडं दमट झालं. त्या आवारात किती आया-बापांची मुलं बसली असतील, मी मनात म्हटलं, सगळ्यांना त्यांच्या शाळेच्या नावानेच बोलावलं असेल.

होडीत बसून मी वाट बघत राहिले. पहिल्या विषयाची मुदत संपली तशी तोफ झाली आणि दार उघडलं. माणसं बाहेर यायला लागली, राखेसारख्या तोंडांची, काही जण भिंत धरून. बाबांचे दोन जुने शिष्य त्यांची वाट बघत थांबले होते. बाबा सगळ्यांत शेवटी आले. अंगावर स्वतःचा झगा होता आणि ती बंडी त्यांनी एका हातावर घेतली होती. कुणाच्या तरी पाठीवर हात असावा तसा तो हात पुढे धरला होता.

"गुरुजी," शिष्याने विचारलं, "विषय कसा फोडलात?"

"फोडला नाही," बाबा म्हणाले. मग ते दाराच्या उंबऱ्याशी थांबले आणि त्या सगळ्या गर्दीत, मोठ्याने, खाली बघत म्हणाले, "आ-थू, उंबरा उंच आहे रे. पाय उचल."

शिष्य एकमेकांकडे बघायला लागले. तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जाडाभरडा, गावंढळ, आमच्या आजीच्या बोलीतला. बाबांच्या आत तो इतकी वर्षं कुठे होता, देव जाणे.

होडी सुटल्यावर मी विचारलं, "आत काय केलंत? तिथे तर बोलायला बंदी."

"म्हणून लिहिलं. उत्तराच्या कागदावर."

"काय लिहिलंत?"

त्यांनी पाण्याकडे बघत सांगितलं, "आ-थू, मी बाबा. तुझी बंडी आणलीय. चल घरी, आई जेवायची थांबलीय."

"एवढंच?"

"एवढंच. पूर्ण मुदत लागली." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पहिल्या दिवशी 'मी बाबा' लिहिलं आणि त्याच्यासमोर जोडी बसवायला लागलो. 'तू मुलगा.' हात थांबेना. खोडायचं तर कागद खराब होतो, म्हणून मनातल्या मनात खोडत बसलो. तो तिथेच होता, सूचन. समोरच्या गल्लीत. दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन. मी लिहीपर्यंत त्याने मान वर केली नाही."

मला रडू आवरेना. फू काकांनी तोंड फिरवून वल्हं मारलं.

उमेदवाराचा कागद काळ्या शाईतला. नकलाकार तो लाल शाईत उतरवतात, म्हणजे तपासणाऱ्याला अक्षर ओळखता येत नाही. डाग पडलेला, विषय सोडलेला कागद उतरवायच्या आधीच बाजूला काढतात आणि त्याचं नाव निळ्या शाईत भिंतीवर लावतात, सगळ्या प्रांताने वाचावं म्हणून. गुरुजी म्हणवणाऱ्या माणसाचं नाव त्या यादीत लागलं की त्याच्याकडे कुणी पोर पाठवत नाही.

"शाळा जाईल," मी म्हटलं.

"जाईल," बाबा म्हणाले. त्यांनी बंडी माझ्यापुढे ठेवली. "आधी कापूस भर. गार पडलाय तो."

मी अस्तर लावून कापूस भरायला घेतला. सुई चालवताना बोटं बधिर होत होती. ऊन डोक्यावर होतं तरी त्या कापडाजवळ हिवाळा होता. बाबा पुढे बसले होते. पूल आला की ते वाकायचे, हाताने वाकायची खूण करायचे आणि म्हणायचे, "पूल आला, आ-थू. डोकं सांभाळ." कधी म्हणायचे, "ते बघ, तुझ्या मामाचं शेत. भात पिवळा पडलाय." एका ठिकाणी म्हणाले, "इथे मागल्या वेळी माझी टोपी पडली होती. तू नव्हतास." फू काकांनीच पुढचा पूल सांगितला.

आई घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसली होती. कशी आली, कुणी आणली, कळलं नाही. तिने माझ्याकडे किंवा बाबांकडे बघितलं नाही. भरलेली बंडी हातात घेतली, तिची बाही चाचपली आणि विचारलं, "थंडी वाजते का रे?"

कालव्याचं पाणी पायरीला लागत होतं. आईने बंडी छातीशी धरली आणि आत नेऊन चुलीशेजारच्या खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो आणि भिंतीपलीकडे निबंध सुरू झाला.

तोच. तसाच गुळगुळीत. विषय फोडला, पहिली जोडी, दुसरी जोडी. बाबांनी काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. ते माझ्याकडे बघत होते. कागद गेला, शाळा जाणार, आणि उमेदवार अजून खोलीत होता. आईने भाताचं वाढप थांबवलं. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिसरी जोडी झाली. तिच्यातही खोट नव्हती. चौथी सुरू झाली, तिचा पहिला पाय पुरा झाला.

आणि आवाज अडला.

खुंटीवरच्या बंडीची बाही जरा हलली असेल, चुलीच्या धगीने हलते तशी. मग फळीवर नखाचा आवाज आला. खालच्या बाजूला, अकरा-बारा वर्षांच्या पोराचा हात पोचतो तिथे.

"ताई, पुढं काय गं?"

पुढची ओळ मला येत होती. ओठांपर्यंत आली होती. बाबांनाही येत होती. त्यांनी मान खाली घातली आणि ती सांगितली नाही.

मी फळीला तोंड लावलं. "पुढं काही नाही रे आ-थू," मी म्हटलं. "संपला निबंध. ये, जेवून घे."

पलीकडून एक हसू आलं, दाबून धरलेलं, नाकातून सुटलेलं. शाळेचं बाक करकरलं.

आईने वाडगा भरला, वर खारातलं अंडं फोडून ठेवलं. बाबा जेवायच्या बाकावर थोडे सरकून बसले.